पुएर्तो वायार्ता: स्ट्रीट फूड वॉकिंग टूर घ्यावी का? (सोबत शाकाहारी सासूबाई)

मिठाची_बरणी

नमस्कार मंडळी, जानेवारीच्या शेवटी आम्ही मेक्सिकोत पुएर्तो वायार्ताला चाललोय, मी, नवरा आणि भारतातून आलेल्या सासूबाई. त्यांच्याकडे अमेरिकेचा व्हिसा आहे त्यामुळे मेक्सिकोचा वेगळा लागत नाही, ते तपासून झालंय, प्लीज त्यावर धागा भरकटवू नका.

तर तिथे गाईडबरोबर चालत चालत गाड्यांवर खात हिंडायच्या टूर असतात ना, साडेतीन तास, सात-आठ ठिकाणं, माणशी साठ-सत्तर डॉलर. मला जायचंच आहे. नवऱ्याने लगेच हिशोब मांडला की एका माणसाच्या पैशात चाळीस टाको येतात आणि चाळीस टाको खायला गाईड कशाला लागतो. बरोबर आहे त्याचं, पण चुकीच्या चाळीस टाकोंपेक्षा बरोबर आठ बरे असं माझं मत.

खरी गोची खाण्याची. सासूबाई पूर्ण शाकाहारी, केकमधलं अंडं चालतं पण समोर दिसलेलं नाही चालत. नवरा बीफ सोडून सगळं. मी बीफ पण नाही आणि पोर्क पण नाही, मासे-कोळंबी मात्र जोरात. सासूबाई चालायला खणखणीत आहेत, रोज तासभर फिरतात, पण उन्हात उभं राहायला कुरकुरतात. अशा त्रांगड्यात टूर घेऊन उपयोग आहे का, घ्यायची तर सकाळची की संध्याकाळची, शाकाहारी माणसाचे पूर्ण पैसे भरणं म्हणजे वेडेपणा आहे का, आणि पोट बिघडायचं काय? कुणी जाऊन आलं असेल तर सविस्तर लिहा, "मस्त आहे जाच" एवढंच नको.

उंडगा_गडी

टूर घ्या, पण पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी घ्या, शेवटच्या संध्याकाळी राखून ठेवू नका. मी नोकरीनिमित्त ग्वादालाहारात असतो, सुट्टी आली की वायार्ताला पळणं हे इथल्या लोकांचं ठरलेलंच आहे, त्यामुळे पाहुण्यांना घेऊन जाणं सारखं होतं. माझा अनुभव असा की टूरमध्ये जे खाल्लं जातं ते बोनस समजायचं, पैसे वसूल होतात ते पुढच्या दिवसांत, कारण गाडीवर उभं कसं राहायचं ते कळलेलं असतं.

म्हणजे काय ते सांगतो. इथे गाड्यांचं टाइमटेबल असतं आणि ते कुठे लिहिलेलं नसतं. बिरिया (मसालेदार रश्श्यातलं मांस) आणि कार्नितास (चरबीत शिजवलेलं डुकराचं मांस) हे सकाळचं खाणं, नऊ-दहाला गर्दी आणि दुपार झाली की पातेलं रिकामं, मालक घरी. सेविचे (लिंबात मुरवलेला कच्चा मासा), कोळंबी वगैरे समुद्राचं सगळं दुपारपर्यंत. अंधार पडला की अल पास्तोरवाले, उभ्या सळईवर रचलेलं मांस आणि वर अननस, तो ट्रोंपो पेटतो. नवखा माणूस रात्री आठला बिरिया शोधत फिरतो आणि मग म्हणतो इथे काही मिळत नाही, शेवटी हॉटेलच्या रेस्टॉरंटमध्ये बर्गर खाऊन झोपतो.

मग गाडीवरची रीत. प्लास्टिकच्या ताटलीला पातळ पारदर्शक पिशवी चढवून त्यात टाको देतात, खाऊन झालं की पिशवी ओढून फेकतात आणि त्याच ताटलीला नवीन पिशवी, धुवायचं कामच नाही. पहिल्यांदा बघून लोक बिचकतात, पण पाण्याच्या बादलीत बुचकळलेल्या ताटलीपेक्षा हे शंभर पटीने बरं. पैसे शेवटी द्यायचे, किती खाल्ले ते तुम्हीच सांगायचं, कुणी मोजत नाही, निदान मोजतोय असं दाखवत नाही. "कोन तोदो?" (सगळं घालून?) असं विचारलं की ते कांदा-कोथिंबिरीबद्दल असतं, हो म्हणा. चांगल्या गाडीवर पैसे घेणारा हात वेगळा आणि टाकोला लागणारा हात वेगळा, हे आधी बघून घ्यायचं.

साल्साबद्दल कळकळीने सांगतो. त्यात एक फिकट हिरवी, मऊ, क्रीमसारखी दिसणारी असते. अवाकाडोची समजून लोक पळीभर ओततात. बऱ्याच ठिकाणी ती निव्वळ मिरची तेलात घोटलेली असते, अवाकाडोचा तिच्याशी संबंध नाही. आपण तिखट खाणारे लोक आहोत हा माज इथे करू नये, टाकोच्या कोपऱ्यावर एक थेंब टाकून बघावा आणि मग ठरवावं.

नवऱ्यासाठी महत्त्वाचं: बिरिया मुळात आमच्या हालिस्को राज्याची आणि बोकडाची, पण वायार्तात गाडीवर बऱ्याचदा बीफची असते. "दे रेस ओ दे चिवो?" विचारायचं, रेस म्हणाला की बीफ, चिवो म्हणाला की बोकड. आसादा, सुआदेरो, लेंग्वा, काबेसा हे सगळं बीफ धरून चला. पास्तोर आणि कार्नितास पोर्क. म्हणजे तुमच्या वाट्याला मासे आणि कोळंबी, आणि त्यासाठी याच्याइतकं चांगलं गाव शोधून सापडायचं नाही. धुरावलेल्या मार्लिन माशाचा टाको खाल्ल्याशिवाय परत येऊ नका. इकडचं सेविचे पण वेगळं, मासा अगदी बारीक करून त्यात गाजर घालतात आणि कुरकुरीत तोस्तादावर (मक्याच्या तळलेल्या पोळीवर) पसरून देतात.

चिंगूस_काका

नवऱ्याच्या बाजूने मी!! टूर म्हणजे दहा-बारा अमेरिकन लोकांच्या घोळक्यात छत्रीवाल्याच्या मागे फिरायचं आणि प्रत्येक ठिकाणी एकेक टाको हातात घेऊन त्याचं भाषण ऐकायचं, तोवर टाको गार. टाको तव्यावरून उतरल्यावर मिनिटभरात तोंडात गेला पाहिजे, त्याच्यावर लेक्चर कसलं देता.

आम्ही स्वतःच फिरलो, सकाळी झोना रोमँटिका या जुन्या भागात नाश्ता, मग रिओ क्वाले नदीचा पूल ओलांडून मालेकोनवरून (समुद्राकाठच्या फिरायच्या रस्त्यावरून) चालत चालत सेंत्रो म्हणजे गावाचा मध्य, मध्ये ग्वादालुपेच्या चर्चजवळ बसायला सावली मिळते, आणि संध्याकाळी पितियाल. पितियाल हा समुद्रापासून आत, स्थानिक लोकांचा भाग, चौकाच्या आजूबाजूला गाड्याच गाड्या, भाव पण उतरलेले आणि मेनूवर इंग्रजी नाही. सिटी बस किंवा उबरने जाता येतं. लॉस मुएर्तोस बीचवर काठीला खोचून भाजलेले मासे आणि कोळंबी विकत फिरतात, लिंबू पिळून मिरचीचं पाणी टाकून देतात, ते घ्या आणि वाळूत बसून खा. त्याला गाईड लागत नाही.

एक लक्षात ठेवा, तिकडे पेसोला पण $ हेच चिन्ह वापरतात. बोर्डावर $३० दिसलं तर बेशुद्ध पडू नका.

मिठाची_बरणी

@चिंगूस_काका नवऱ्याला तुमची पोस्ट दाखवली, तो आता मला वाचून दाखवतोय, थँक्यू हं 😀

@उंडगा_गडी फारच उपयोगी, पिशवीवाली ताटली सासूबाईंना आधीच सांगून ठेवते. पण तुमच्या सगळ्या यादीत त्यांच्या तोंडात घालण्यासारखं एकही नाही हो. शाकाहारी कुणी गेलंय का इथलं?

कोथिंबीर_जुडी

मी गेलेय, मी शाकाहारी, अंडंपण नाही. थोडं कडू बोलणार आहे.

आम्ही घेतलेल्या टूरच्या पानावर "व्हेजिटेरियन चालेल" असं स्वच्छ लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात प्रत्येक गाडीवर सगळ्यांना वेगवेगळं आणि मला चीजची केसादिया (आत चीज घालून दुमडून भाजलेली पोळी). पुढच्या गाडीवर? केसादिया. त्याच्या पुढे, केसादिया पण आता मशरूम घातलेली. गाईड बिचारा गोड होता, दर वेळी अपराधी चेहरा करून आणून द्यायचा, पण पैसे मी पूर्णच भरले होते ना. त्यामुळे "चालेल का" असं विचारायचंच नाही, बुक करायच्या आधी मेल टाकून विचारायचं की कुठल्या स्टॉपवर शाकाहारी माणसाला नक्की काय देणार, एकेक पदार्थ लिहून पाठवा. जे लोक लिहून पाठवतात त्यांच्याकडे जा, जे "डोन्ट वरी" म्हणतात त्यांना सोडा. काही जण फक्त शाकाहारी टूर पण काढतात, आणि एवढ्याशा ग्रुपची प्रायव्हेट टूर पण मिळते, थोडे जास्त पैसे जातील पण तुमच्या तीन तऱ्हांना तेच सोयीचं पडेल असं मला वाटतं.

आता जे दिसत नाही ते. फ्रिहोलेस म्हणजे घोटलेला राजमा दिसायला निरागस, पण बऱ्याच ठिकाणी मांतेकात म्हणजे डुकराच्या चरबीत परतलेला असतो. तामाले म्हणजे पानात गुंडाळून उकडलेलं मक्याचं पीठ, त्यात पण तीच चरबी. मैद्याच्या तोर्तियात (पोळीत) असू शकते, मक्याच्या तोर्तियात फक्त मका, चुना आणि पाणी, म्हणून सासूबाईंसाठी नेहमी मक्याची मागा. लाल भात चिकनच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. एस्कितेस म्हणजे कपात मिळणारे मक्याचे दाणे, ते पण कधीकधी चिकनच्या पाण्यात, विचारून घ्या, नाहीतर सरळ कणीस, एलोते. त्यावर मेयोनीज फासतात त्यात अंडं असतं, "सिन मायोनेसा" म्हणा आणि लिंबू, मीठ, तिखट आणि किसलेलं चीज एवढंच घ्या.

"सोय वेखेतारियाना" एवढ्यावर थांबू नका, बऱ्याच जणांच्या डोक्यात चिकन आणि मासा हे कार्नेमध्ये म्हणजे मांसात मोडतच नाहीत. "सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन मांतेका" (मांस, चिकन, मासा, चरबी काही नको) असं एका दमात म्हणायचं, मी मोबाईलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं आणि सरळ स्क्रीन पुढे करायचे. त्या बायका फार प्रेमाने वाचतात, मग आतल्या बाईला हाक मारतात, मग दोघी मिळून विचार करतात की हिला काय द्यावं बाई!

आणि नीट मिळालं की मग मजा आहे. भोपळ्याच्या फुलांची केसादिया, नोपालेस म्हणजे निवडुंगाची पानं काटे काढून भाजलेली, राहास म्हणजे मिरच्यांच्या भाजून सोललेल्या पट्ट्या क्रीममध्ये. वित्लाकोचे म्हणून एक प्रकार आहे, मक्याच्या कणसावर वाढणारी काळी बुरशी, दिसायला भयाण, चवीला मशरूम आणि माती यांच्या मधलं काहीतरी, मला आवडलं, सासूबाईंना काय आहे ते खाऊन झाल्यावर सांगा. पेरू-आंबा-काकडी कापून लिंबू आणि तिखट मारलेली तर प्रत्येक कोपऱ्यावर. फक्त तवा एकच असतो, जिथे शेजारी मांस भाजलं जातंय तिथेच तुमची केसादिया, हे त्यांना चालणार का ते आधी घरी बोलून घ्या. गाडीवर उभं राहून ही चर्चा करायची वेळ आली की सगळ्यांचाच मूड जातो.

मिठाची_बरणी

तव्याचं विचारलं. उत्तर आलं: "पुसून घेतला तर चालेल, पण माझ्यासमोर पुसायचा."

कोथिंबीर_जुडी

बाईंशी माझं जमेल 😂 "लिंपिया ला प्लांचा, पोर फावोर" (तवा पुसा, प्लीज) शिकवून ठेवा त्यांना.

पोटोबा_आधी

पोटाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. टूरचा एक मोठा फायदा हाच की ते लोक त्याच गाड्यांवर रोज गिऱ्हाईक आणतात, तिथे कुणी आजारी पडलं तर त्यांचा धंदा बसेल, त्यामुळे गाड्या निवडलेल्या असतात. स्वतः फिरणार असाल तर गर्दी बघा, आणि गर्दीत तिथलेच लोक, शाळेतून आलेली पोरं, ऑफिसचे शर्टवाले दिसले पाहिजेत. जे डोळ्यासमोर तव्यावरून उतरतं ते बिनधास्त खा. जे आधीच कापून उघड्यावर ठेवलंय, कोबी, कोथिंबीर, कापलेली फळं, उघड्या भांड्यातली साल्सा, तिथे जरा हात आखडता. सेविचेत मासा शिजवलेला नसतो, फक्त लिंबात मुरवलेला असतो, म्हणून ते सकाळी-दुपारी बर्फावर ठेवणाऱ्या गर्दीच्या ठिकाणीच, संध्याकाळी उरलेलं नको.

पाणी नळाचं प्यायचं नाही, स्थानिक लोक पण पीत नाहीत, घरोघरी मोठे जार येतात. बर्फाला लोक उगाच घाबरतात. मध्ये भोक असलेले गोल नळकांडीसारखे तुकडे असले तर तो फॅक्टरीत शुद्ध पाण्याचा केलेला बर्फ असतो, चालतो. ठोकळा फोडून किसून देत असतील तर नको म्हणा.

आणि इथून अँटिबायोटिकची गोळी डॉक्टरला विचारून सोबत न्या, कारण मेक्सिकोत २०१० पासून ती प्रिस्क्रिप्शनशिवाय देत नाहीत. तसं काही झालंच तर बऱ्याच औषधाच्या दुकानांना चिकटून डॉक्टरची छोटी खोली असते, अगदी कमी पैशात तपासतात. वय बघता सासूबाईंना जुलाब झाले तर पाणी कमी पडू देऊ नका, एलेक्ट्रोलिट नावाची बाटली सगळीकडे मिळते, नारळाची चव त्यातल्या त्यात बरी.

उंडगा_गडी

कोथिंबीर_जुडीने माझी उणीव भरून काढली. चिंगूस काका पितियालबद्दल बरोबर आहेत पण तिथे पहिल्याच दिवशी भाषा न येता तिघांच्या तीन अटी सांभाळणं अवघड जाईल, टूरनंतर जा, मग काका म्हणतात तशी खरी मजा.

सकाळ की संध्याकाळ: तुमच्यासाठी सकाळची. माशांचं सगळं सकाळी-दुपारीच मिळतं आणि तुम्हाला तेच खायचंय. संध्याकाळची टूर पास्तोरभोवती फिरते, म्हणजे एकट्या नवऱ्याची दिवाळी. पास्तोरची गोष्ट मात्र कुठल्याही गाईडकडून ऐका, लेबनॉनहून आलेल्या लोकांनी उभ्या सळईवर मांस भाजायची पद्धत मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरात आणली आणि मेक्सिकन लोकांनी त्यात डुक्कर, मिरची आणि अननस घालून ती पूर्ण आपली करून टाकली. जानेवारीत हवा छान असते, पावसाळा जून ते ऑक्टोबर, त्यामुळे उन्हाचं फार टेन्शन नको, टोपी पुरे. पण रस्ते गोट्यांचे आहेत, अख्ख्या जुन्या गावात, आणि फुटपाथ कुठे गुडघाभर उंच तर कुठे गायब. सासूबाईंना चप्पल नको, बूट घालायला लावा. गाईडला आधी सांगून ठेवलं तर बसायला प्लास्टिकचं स्टूल काढून देतात, गाड्यांवर एक-दोन असतातच.

सासूबाईंसाठी दोन पेयं, दोन्ही शाकाहारी. तेहुइनो, मक्याचं पीठ आंबवून गूळ घालून केलेलं, वरून लिंबू, मीठ आणि लिंबाच्या बर्फाचा गोळा, पहिला घोट विचित्र लागतो, तिसऱ्या घोटाला कप सोडवत नाही. आणि तुबा. मालेकोनवर मोठा वाळलेला भोपळा घेऊन माणसं फिरतात, त्यात नारळाच्या झाडाचा रस, म्हणजे कोकणातली माडीच, ताजी असेल तर नशा नाही, गोड. सफरचंदाचे तुकडे आणि शेंगदाणे किंवा अक्रोड घालून देतात. ही कला फिलिपिन्सच्या खलाशांनी इकडे आणली, १५६५ ते १८१५ मनिला आणि आकापुल्कोमध्ये गलबतं ये-जा करायची त्या काळात, आधी शेजारच्या कोलिमा राज्यात रुजली आणि मग इकडे पसरली.

चिंगूस_काका

तुबा आम्ही पण प्यायलो, रोज. तेवढ्यासाठी टूर लागत नाही हे पुन्हा एकदा नोंदवतो.

मिठाची_बरणी

ठरलं, दुसऱ्या दिवशी सकाळची प्रायव्हेट टूर, तीन ठिकाणी मेल टाकलेत, त्यातल्या एकीने सासूबाईंसाठी सहा वेगवेगळे पदार्थ लिहून पाठवले आणि त्यातल्या एकाच ठिकाणी केसादिया आहे. पितियाल तिसऱ्या संध्याकाळी, नवऱ्याच्या नेतृत्वाखाली, बघू काय दिवे लावतो. शेवटचा प्रश्न, गाईडला टिप किती आणि पेसोत की डॉलरमध्ये?

उंडगा_गडी

टूरच्या किमतीच्या पंधरा टक्क्यांच्या आसपास, आवडलं तर वीस. पेसोत दिलेले बरे, डॉलर त्याला बदलत बसावे लागतात. गाड्यांवर कार्ड चालत नाही, आणि सकाळी सकाळी पाचशेची नोट दिली तर सुट्ट्यासाठी तो शेजारच्या दुकानात पळतो, म्हणून वीस-पन्नासच्या नोटा जमवून ठेवा. एटीएम बँकेचंच वापरा, हॉटेलच्या लॉबीतलं नको, आणि मशीनने "तुमच्या चलनात बदलून देऊ का" असं विचारलं की नाही दाबा, पैसे तरीही मिळतात, फक्त त्यांचा वाईट रेट लागत नाही.